बीओडी: पुस्तकात ५ दिवस २० अंश, फलकावर ३ दिवस २७ अंश

ऐरोलीकर_स्थापत्य (प्रश्न):

नमस्कार. मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नवी मुंबईतील एका मलप्रक्रिया केंद्राला आमच्या वर्गाने नुकतीच भेट दिली. तेथील फलकावर बीओडीपुढे (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणू जेवढा प्राणवायू वापरतात त्याचे माप) ‘३ दिवस, २७ अंश सेल्सिअस’ असे लिहिलेले होते. आमच्या पुस्तकातील बहुतेक उदाहरणे मात्र ५ दिवस आणि २० अंशांची आहेत. ‘आपल्याकडे उकाडा जास्त’ एवढेच उत्तर मिळाले. हे दोन्ही आकडे एकच समजायचे का?

दुसरी अडचण जर्नलची आहे. आमच्या गटाने ३०० मिलीच्या बाटलीत १५ मिली कच्चे सांडपाणी घेऊन उरलेली बाटली विरलीकरणाच्या (नमुना पातळ करण्याच्या) पाण्याने भरली. सुरुवातीचा डीओ (पाण्यात विरघळलेला प्राणवायू) लिटरला ७.६ मिलिग्रॅम होता, तिसऱ्या दिवशी तो शून्य निघाला. बीओडी किती लिहावा?

खाडीकाठ:

आधी शून्याचे पाहू, कारण सबमिशन जवळ आले असेल. तुमचे विरलीकरण २० पट होते, म्हणजे त्या बाटलीला फार तर ७.६ गुणिले २०, अर्थात लिटरला १५२ मिलिग्रॅम एवढाच बीओडी मोजता आला असता. प्राणवायू पहिल्या दिवशी संपला की तिसऱ्या, हे बाटली सांगत नाही. म्हणून ‘१५२’ असे न लिहिता ‘१५२ पेक्षा जास्त, चाचणी अग्राह्य’ असे प्रामाणिकपणे लिहावे. कच्च्या सांडपाण्यासाठी ३ मिली घेऊन पाहा. डीओ ७.६ वरून ५.३ वर आला, तर २.३ गुणिले १०० म्हणजे २३० होतात. लिटरला किमान २ मिलिग्रॅम प्राणवायू वापरला जावा आणि किमान १ शिल्लक राहावा, हा नियम सांभाळण्यासाठी आम्ही एकाच नमुन्याची तीन वेगवेगळी विरलीकरणे लावतो.

आता दिवसांविषयी. घरगुती सांडपाण्यासाठी २० अंशांना विघटनाचा दर दिवसाला ०.२३ धरतात आणि तापमान एका अंशाने वाढले की त्याला १.०४७ ने गुणतात. सात अंशांनी तो सुमारे ०.३२ होतो. हे घातांकी सूत्रात घातले, तर २० अंशांना ५ दिवसांत प्राणवायूच्या एकूण मागणीपैकी सुमारे ६८ टक्के आणि २७ अंशांना ३ दिवसांत सुमारे ६१ टक्के पूर्ण होते. म्हणजे आकडे जवळचे आहेत, पण एकच नाहीत. पाच दिवसांचा २०० असेल, तर तीन दिवसांचा १८० च्या आसपास येईल. प्रक्रिया केलेल्या पाण्यात हा दर मंद असतो, त्यामुळे हेच गुणोत्तर तेथे डोळे झाकून लावू नये.

ठाणे_निवृत्त_प्राध्यापक:

वरील गणित योग्य आहे. पाच दिवस मुळात आले कोठून, ते सांगतो. ब्रिटनमध्ये १८९८ साली मैलापाण्याच्या विल्हेवाटीसाठी राजआयोग नेमला गेला होता. तेथील नद्यांचे पाणी साधारण पाच दिवसांत समुद्राला मिळते, या विचाराने पाच दिवसांची चाचणी रूढ झाली, असे सांगितले जाते. ६५ अंश फॅरनहाइट हे तापमानही तिकडच्या उन्हाळ्याचे होते. पुढे ते २० अंश सेल्सिअस झाले. आपली ठाण्याची खाडी तर नदीसारखी एका दिशेने वाहतही नाही, ओहोटीला गेलेले पाणी भरतीला परत येते. म्हणजे पाच काय किंवा तीन काय, त्या दिवसांचा खाडीशी काहीही संबंध नाही. बीओडी हा पाण्याचा अंगभूत गुण नसून ठरवून घेतलेल्या अटींखालचे मोजमाप आहे, म्हणून अटी लिहिल्याशिवाय आकडा अपुरा राहतो. भारतीय मानक आयएस ३०२५ च्या भाग ४४ ने तीन दिवस, २७ अंश या अटी घेतल्या. मे महिन्यात २० अंश राखायला इन्क्युबेटरला सतत थंड करावे लागते, आणि सोमवारी लावलेली बाटली पाच दिवसांनी, म्हणजे शनिवारी उघडावी लागते, हे व्यवहारही विसरू नका.

एक गोष्ट मात्र वर राहून गेली. कच्च्या सांडपाण्यात अमोनिया खाणारे जीवाणू थोडे असतात आणि त्यांचा प्राणवायूवरील हक्क काही दिवसांनी सुरू होतो. एसबीआरमधून (एकाच टाकीत टप्प्याटप्प्याने प्रक्रिया करणाऱ्या यंत्रणेतून) बाहेर पडलेल्या पाण्यात ते आधीच हजर असू शकतात. मग उत्तम प्रक्रिया झालेल्या पाण्याचाही बीओडी फुगलेला दिसतो. केवळ कार्बनी (सेंद्रिय पदार्थांची) मागणी हवी असेल, तर अॅलाइलथायोयुरिया घालून ही क्रिया रोखतात.

ऐरोलीकर_स्थापत्य:

आभारी आहे. पण निकाल यायला तीन दिवस लागत असतील, तर केंद्र चालवणारे तोवर काय करतात?

खाडीकाठ:

ते टाकीतील डीओ आणि गाळाचे प्रमाण पाहून हवा कमी-जास्त करतात व दोन तासांच्या सीओडीवर (जीवाणूंऐवजी डायक्रोमेट या रसायनाने मोजलेल्या प्राणवायूच्या मागणीवर) लक्ष ठेवतात. फक्त खाडीलगतच्या सखल भागातून आलेल्या सांडपाण्यात भरतीचे खारे पाणी मिसळले असेल, तर डायक्रोमेट क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण करते आणि सीओडी खोटा वाढतो. त्यासाठी मर्क्युरिक सल्फेट आधी घालायचे असते. त्यात पारा असतो, उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नका.