‘गेमिफिकेशन’च्या अतिरेकाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

कर्मचाऱ्यांना कारखान्यातील सुरक्षिततेचे नियम शिकवण्यासाठी तयार केलेल्या एका ॲपवर मी मराठीत अहवाल लिहीत आहे. त्यात ‘गेमिफिकेशन’ (जे काम मुळात खेळ नाही त्याला गुण, बिल्ले असे खेळाचे घटक जोडणे) हा शब्द वारंवार येतो आणि त्यासाठी मी तूर्त ‘क्रीडीकरण’ असा शब्द योजला आहे. खरी अडचण त्यापुढची आहे. या ॲपमध्ये प्रत्येक पानाला गुण, दर पाच पानांना एक बिल्ला, आठवड्याची क्रमवारी, आणि सलग सात दिवस ॲप उघडल्यास फिरवायला मिळणारे चक्र असा जत्रेचा थाट आहे. परिणामी नियम वाचण्याऐवजी ‘पुढे’चे बटण दाबत गुण गोळा करण्याकडेच सर्वांचा कल झाला आहे. या प्रकाराला ‘अतिक्रीडीकरण’ म्हणावे का? तो शब्द उच्चारताना माझीच जीभ अडखळते. शिवाय ‘क्रीडीकरण’ बरोबर की ‘क्रीडाकरण’, ‘खेळीकरण’ चालेल का, आणि ‘खेळखंडोबा’ हा चांगला रुळलेला शब्द हाताशी असताना नवा घडवण्याची गरज आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

पहिला प्रतिसाद

व्याकरणाचा भाग आधी उरकतो. जे मुळात तसे नव्हते ते तसे करणे, या अर्थी संस्कृतात ‘च्वि’ हा प्रत्यय लागतो आणि त्याच्या आधीच्या अ किंवा आ यांचा ई होतो. ‘सुलभ’चे ‘सुलभीकरण’ होते त्याच न्यायाने ‘क्रीडा’चे ‘क्रीडीकरण’ व्हायला हवे. ‘क्रीडाकरण’ म्हणजे फार तर क्रीडा करणे. मराठीने हा साचा ‘बाजारीकरण’सारख्या शब्दात फारसी मुळालाही लावलेला असल्यामुळे ‘खेळीकरण’ही नियमात बसते, मात्र ‘खेळी’ हा मराठीत आधीच स्वतंत्र शब्द आहे. फलंदाजाची शतकी खेळी असते, राजकारण्याचीही खेळी असते, आणि ‘शिक्षणाचे खेळीकरण’ असे वाचल्यावर वाचक यांपैकी कोणती खेळी मनात आणील याचा भरवसा नाही. ‘क्रीडा’ या शब्दाचीही तशीच पंचाईत आहे. क्रीडांगण, क्रीडामंत्री आणि वर्तमानपत्रातील क्रीडापान यांमुळे तो आज मैदानी खेळांना जवळजवळ बांधला गेला आहे. तरीही परिभाषेतील शब्द म्हणून, पहिल्याच परिच्छेदात व्याख्या देऊन, ‘क्रीडीकरण’ वापरावा, असे माझे मत आहे.

‘खेळखंडोबा’ मात्र वापरू नये. परीक्षांचा खेळखंडोबा झाला असे आपण म्हणतो तेव्हा त्यात विस्कोट आणि वाताहत अभिप्रेत असते. त्या शब्दातील ‘खेळ’ कोणाच्या ध्यानातही राहिलेला नाही. शिवाय तो शब्द परिणाम सांगतो, रीत सांगत नाही. जे ॲप लोकांना दिवसदिवस खिळवून ठेवते ते त्याच्या मालकाच्या दृष्टीने उत्तम चाललेले असते, आणि अशा भरभराटीला खेळखंडोबा म्हणणे म्हणजे नेमक्या आक्षेपाच्या जागेवरून नजर हटवणे होय.

आता ‘अति’विषयी. हा उपसर्ग लावला की दोष प्रमाणाचा होतो. म्हणजे दहा बिल्ले अयोग्य आणि तीन बिल्ले योग्य, असा हिशेब गृहीत धरला जातो. ज्यांनी या प्रकारावर प्रथम टीका केली त्यांचा आक्षेप प्रमाणावर नव्हताच. ‘गेमिफिकेशन’ हा शब्द घडवण्याचे श्रेय सामान्यतः निक पेलिंग या ब्रिटिश प्रोग्रामरला आणि २००२ या वर्षाला दिले जाते, परंतु तो सर्वतोमुखी झाला २०१०च्या सुमारास. त्याच वर्षी मार्गारेट रॉबर्टसन या गेम डिझायनरने असे दाखवून दिले की या नावाखाली खेळातील सर्वांत कमी महत्त्वाच्या गोष्टी, म्हणजे गुण आणि बिल्ले, तेवढ्या उचलल्या जातात आणि अडथळा, निवड, हरण्याची खरी शक्यता हा खेळाचा गाभा मागेच राहतो. म्हणून तिने या प्रकाराला ‘पॉइंट्सिफिकेशन’ असे नाव सुचवले. पुढच्या वर्षी इयन बोगोस्ट या गेम-अभ्यासकाने याहून कठोर शब्द सुचवला, ‘एक्सप्लॉइटेशनवेअर’. पिळवणुकीसाठी केलेले सॉफ्टवेअर, असा त्याचा रोख होता. इंग्रजीत म्हणजे एका दोषाला दोन नावे नाहीत, दोन निरनिराळ्या आरोपांची ती दोन नावे आहेत. रॉबर्टसन म्हणते की हा खेळच नव्हे. बोगोस्ट म्हणतो की खेळाच्या नावाखाली माणूस वापरला जातो. आपण ‘अतिक्रीडीकरण’ असा एकच शब्द केला तर हे दोन्ही आरोप त्यात बुडतात.

पहिल्या आरोपासाठी मी ‘बिल्लेबाजी’ हा शब्द सुचवतो. ‘बिल्ला’ आपल्याकडे रेल्वेच्या हमालापासून निवडणुकीतील कार्यकर्त्यापर्यंत सर्वांच्या अंगावर दिसतो, आणि घोषणाबाजी, जाहिरातबाजी, शेरेबाजी या शब्दांत ‘-बाजी’ने आशयापेक्षा आवाज अधिक असल्याची जी छटा आणली आहे ती येथे अचूक लागू पडते. (‘फटकेबाजी’ कौतुकानेही म्हटली जाते, हे मान्य आहे.) फोरस्क्वेअर हे २००९ साली आलेले ॲप याचा नमुना म्हणून सांगता येईल. तेथे एखाद्या उपाहारगृहात गेल्याची वारंवार नोंद करणारा त्या जागेचा ‘मेयर’ होत असे. सावरकरांनी घडवलेल्या ‘महापौर’ या भारदस्त शब्दाला कॉफीच्या दुकानाची गादी मिळाली असती, हे मराठी अनुवादकाच्या नशिबातून सुटले. या पदाने कोणाची लूट होत नव्हती, पण त्याचे अप्रूपही फार काळ टिकले नाही.

दुसऱ्या आरोपासाठी ‘खेळवणूक’. हा शब्द इंग्रजीतील ‘-फिकेशन’चा साचा न वापरता मराठी क्रियापदापासूनच होतो. फसवणे, अडवणे, नागवणे यांपासून फसवणूक, अडवणूक, नागवणूक. तसे खेळवणे या क्रियापदापासून खेळवणूक. ‘त्याने मला दोन महिने खेळवले’ हे वाक्य कोणाही मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही: आशा दाखवायची, हातात काही द्यायचे नाही, आणि समोरच्याला सोडूनही द्यायचे नाही. ‘क्रीडीकरण’ कशाचे, असे विचारल्यास उत्तर येते शिक्षणाचे, व्यायामाचे, बचतीचे. ‘खेळवणूक’ कोणाची, असेच विचारावे लागते, आणि उत्तरात माणूस येतो. दोष कोठे आहे ते या शब्दाच्या व्याकरणातच दिसते, आणि ‘अति’ उपसर्गाची गरज उरत नाही.

उदाहरणे हवी असतील तर दोन देतो. कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथील डिस्नेलँडच्या हॉटेलांत चादरी-टॉवेल धुणाऱ्या कामगारांच्या खोलीत मॉनिटरचे पडदे लावून प्रत्येकाचे नाव आणि कामाचा वेग सर्वांना दिसेल असा दाखवला जाई. २०११ साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने ही हकीकत छापली, तेव्हा कामगारांनी त्या व्यवस्थेला ‘इलेक्ट्रॉनिक चाबूक’ असे नाव दिल्याचे बाहेर आले. दुसरे उदाहरण रॉबिनहूड या अमेरिकी शेअर-व्यवहाराच्या ॲपचे आहे. तेथे व्यवहार झाला की पडद्यावर रंगीबेरंगी कागदी तुकड्यांचा वर्षाव होई. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये या कंपनीविरुद्ध जी तक्रार दाखल केली तिच्यात नवख्या गुंतवणूकदारांना खेळाच्या युक्त्यांनी वारंवार व्यवहाराकडे ओढल्याचा आरोप होता, आणि मार्च २०२१ च्या अखेरीस कंपनीने तो वर्षाव बंद केला. वर्षाव प्रमाणात अति होता की नव्हता, हा त्यात मुद्दाच नव्हता. तो कशासाठी होता, हा होता.

दुसरा प्रतिसाद

‘बिल्लेबाजी’ आवडला. ‘खेळवणूक’विषयी मात्र मला शंका आहेत. ‘खेळवणे’ हे क्रियापद मराठीत मुख्यतः मायेचे आहे. आजी नातवंडाला खेळवते. शेतकरी पाटाचे पाणी वाफ्यावाफ्यांतून खेळवतो. घरात हवा खेळती असावी असे आपण म्हणतो. ‘-णूक’ हा प्रत्ययही बदनाम नाही, कारण करमणूक, मिरवणूक आणि गुंतवणूक त्याच घरातल्या आहेत. दुसरी शंका हेतूची आहे. ‘खेळवणूक’ म्हटले की खेळवणारा कोणीतरी लबाड गृहीत धरला जातो, आणि अहवालात असा आरोप पुराव्याशिवाय करता येत नाही. तिसरी गोष्ट, २०१९च्या दिवाळीत गूगल पेवर पाच शिक्के जमवायचे होते आणि त्यांतली रांगोळी काही केल्या कोणाला मिळत नव्हती, हे अनेकांना आठवत असेल. पाचही जमल्यास २५१ रुपये मिळणार होते. रांगोळीसाठी लोकांनी विसरलेल्या वर्गमित्रांनासुद्धा संदेश पाठवले, आणि त्यात अनेकांना मजाच आली. तिला आपण काय म्हणणार? आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘डार्क पॅटर्न’ हा शब्द आलेला असताना ‘फसवी रचना’ एवढे म्हणून का भागू नये?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. ३० नोव्हेंबर २०२३ च्या त्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांचे १३ प्रकार दिले आहेत. खोटी घाई लावणे, ग्राहकाच्या टोपलीत नकळत वस्तू सरकवणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे असे ते प्रकार आहेत, आणि त्यांत गुण-बिल्ल्यांचा स्वतंत्र प्रकार नाही. तो नसणे स्वाभाविकही आहे. फसव्या रचनेत माणसाला काहीतरी ठाऊक नसते. खेळवणुकीत त्याला सगळे ठाऊक असूनही तो सुटत नाही. रॉबिनहूडवर उडणारे कागद खरे नाहीत, हे कोणाला कळत नव्हते? म्हणून ‘फसवी रचना’ हा शब्द येथे अपुरा पडतो.

मायेच्या अर्थाचा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, आणि त्यामुळे माझे मत बदलण्याऐवजी पक्के होते. मूल खेळवले जाते ते मुलासाठी, पाणी खेळवले जाते ते पिकासाठी. मोठ्या माणसाला त्याच्या इच्छेने सुरू झालेल्या कामात दुसऱ्याच्या फायद्यासाठी खेळवले, तर क्रियापद तेच राहून अर्थ कडू होतो. करमणुकीपासून अडवणुकीपर्यंतचा हा घसरता उतार एकाच शब्दात सांगण्याची सोय मराठीने आयती ठेवली आहे, ती का सोडावी? रांगोळीच्या बाबतीत मी आपल्याशी सहमत आहे. ती दिवाळीपुरती होती, संपली, आणि न मिळाल्याने कोणाचे आधीचे काही बुडाले नाही. मी तिला निखळ क्रीडीकरण म्हणेन, जरी कंपनीचा हेतू व्यवहार वाढवण्याचाच असला तरी.

यावरून हेतूच्या शंकेचेही उत्तर निघते. रचना करणाऱ्याच्या मनात शिरण्याची आवश्यकता नाही. थांबणाऱ्याला काय भोगावे लागते ते पाहावे. ‘स्ट्रीक’, म्हणजे सलग किती दिवस हजेरी लागली त्याचा आकडा, हा प्रकार तपासून पाहा. त्यासाठी आपल्या हजेरीपटातला ‘बिनखाडा’ हा शब्द मला फार समर्पक वाटतो: ‘बिनखाडा ४१ दिवस’. ड्युओलिंगोवर भाषा शिकताना एखादा दिवस चुकला तर आकडा शून्यावर येऊ नये म्हणून ‘स्ट्रीक फ्रीझ’ ॲपमधील रत्ने खर्चून घेता येते. मी त्याला ‘खाडामाफी’ म्हणतो. माफी विकत घ्यावी लागते याचा अर्थ थांबण्याला किंमत लावली गेली आहे. गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाने मे २०१६ मध्ये असा बिनखाडा दिवसांचा आकडा दाखवणे बंद केले. त्यानंतरच्या नोंदी तपासणाऱ्या संशोधकांना असे आढळले की लांबलचक अखंड मालिका कमी झाल्या आणि शनिवार-रविवारचे कामही घटले. आकडा जाताच जे काम थांबले ते कामासाठी होत होते की आकड्यासाठी, हे त्यावरून उघड होते. नेम चुकवायचा नाही ही वृत्ती आपल्याकडे जुनीच आहे, पण नेम ज्याचा त्याने धरलेला असतो आणि तो मोडल्याचा हिशेबही त्याच्याच जवळ असतो.

‘बिल्लेबाजी’ निरुपद्रवी आहे असा समज माझ्या आधीच्या मजकुरावरून झाला असल्यास तो दुरुस्त करतो. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर प्रयोग केला. ‘चित्र काढलेस तर सोनेरी शिक्क्याचे प्रशस्तिपत्र मिळेल’ असे ज्यांना आधी सांगितले होते ती मुले पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना ते अचानक मिळाले त्यांच्यात असा फरक पडला नाही. कोणाचाही वाईट हेतू नसताना आवड उणावते, एवढे नुकसान बिल्लेबाजीही करू शकते.

प्रश्नकर्त्याकडून

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभारी आहे. माझ्या अहवालापुरता गुंता सुटला, आणि तो सोडवताना लक्षात आले की एकाच ॲपला मी एकच शब्द लावू पाहत होतो, हीच चूक होती. पानागणिक गुण आणि बिल्ले यांना मी ‘बिल्लेबाजी’ म्हणेन. आठवड्याची क्रमवारी मात्र पाळीच्या पर्यवेक्षकालाही दिसते, आणि तळाला नाव असलेल्यांना त्याविषयी विचारणा होते, हे मी प्रश्नात लिहिले नव्हते. तो भाग ‘खेळवणूक’ या शब्दाखाली जाईल. एक शंका उरते: ‘खेळवणूकीचे स्वरूप’ असे लिहावे की ‘खेळवणुकीचे’?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

‘खेळवणुकीचे’. फसवणूक–फसवणुकीचे, मिरवणूक–मिरवणुकीत याप्रमाणे सामान्यरूपात ‘णु’ ऱ्हस्व होतो. अनेकवचन ‘खेळवणुका’ असे होईल, पण भाववाचक नाम असल्यामुळे त्याची वेळ क्वचितच येईल. आणि पर्यवेक्षकाला दिसणाऱ्या क्रमवारीविषयी लिहिताना ‘स्पर्धा’ हा शब्द टाळावा, कारण स्पर्धेत उतरण्याआधी कोणीतरी नाव दिलेले असते.