दुपारी तोंड उघडं ठेवून बसतो: गरम होतंय की फुफ्फुसाचा संसर्ग?

पानाआड

नर व्हेल्ड कॅमेलियन (डोक्यावर तुरा असलेला, रंग बदलणारा सरडा), सात महिन्यांचा, वजन ९२ ग्रॅम. पिंजरा सगळीकडून जाळीचा, ६० बाय ६० बाय १२० सेंमी. वर ७५ वॅटचा बास्किंगचा (अंग शेकायचा) दिवा जाळीवर टेकवलेला आहे आणि त्याखालची फांदी जाळीपासून १४ सेंमीवर आहे. शेजारी यूव्हीबीची (अतिनील किरणांची) लांब टी-५ ट्यूब आहे, ६ टक्क्यांची, आठ महिने जुनी. मागच्या बाजूला चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर २७ दाखवतो. आर्द्रता ७० च्या आसपास राहावी म्हणून दिवसा फॉगर (धुकं सोडणारं यंत्र) चालू असतो. मिस्टिंग (पाण्याचा फवारा) दोन वेळा, प्रत्येकी अर्धा मिनिट.

गेले पाच दिवस दुपारी बारा ते दोन तो तोंड किंचित उघडं ठेवून बसतो. रंग अगदी फिका, पिवळट होतो. मग खाली उतरून कुंडीच्या मागे जातो. काल संध्याकाळी पाचला, दिवे चालू असताना, दहा मिनिटं डोळे मिटून होता. रोज दहा रातकिडे खायचा, आता चारवर आला आहे. युरेटचं (विष्ठेसोबत पडणाऱ्या घट्ट लघवीचं) टोक नारिंगी आहे. नाकपुड्यांवर पांढरी पूडही दिसते. हे उष्णतेमुळे आहे की आजारपण? दिव्याचा वॅट कमी करून पाहू, की थेट डॉक्टरांकडे नेऊ?

फांदीवरून

तुमचा २७ हा आकडा तूर्त विसरा. तो पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीचा आहे, तुमच्या प्राण्याचा नाही. तारेचं टोक असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि ते टोक तो फांदीवर बसल्यावर डोक्याचा तुरा जिथे येतो त्या उंचीवर बांधा. फांदीवर नको. व्हेल्डचा तुरा पाठीपेक्षाही उंच असतो, त्यामुळे फांदी जाळीपासून १४ सेंमीवर असली तरी तुऱ्याचं टोक दिव्यापासून पाच-सहा सेंमीवरच असतं. दिव्याजवळ दर सेंटिमीटरला तापमान झपाट्याने चढतं. इन्फ्रारेड बंदुकीने मोजणार असाल तर लक्षात ठेवा, ती समोरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते, हवेचं नाही. दिवा लावल्यावर किमान तासाभराने वाचन घ्या.

या वयाच्या नराला तुऱ्याच्या उंचीवर २९ ते ३० पुरे. पूर्ण वाढ झाल्यावर ३१-३२ पर्यंत चालतं. पिंजऱ्याचा मधला भाग २४-२५ आणि तळ २२-२३ असावा, म्हणजे नको वाटलं की त्याला उतरून जायला जागा मिळते. दिव्याखालचा आकडा ३५ च्या पुढे गेला असेल तर तुमच्या वर्णनातल्या बहुतेक गोष्टींचा उलगडा तिथेच होतो. कॅमेलियनला घाम येत नाही. अंग तापलं की तोंड उघडून तो तोंडातला ओलावा उडवतो, ऊन परतवण्यासाठी कातडी फिकी करतो आणि मग सावलीला जातो. तुमचा नेमकं हेच करतोय, तेही याच क्रमाने.

पण तोंड तीन वेगवेगळ्या कारणांनी उघडतं, आणि तिन्हींत फरक आहे. उष्णतेचं उघडणं दिव्याखाली किंवा भर दुपारी होतं, मान सरळ असते, आवाज नसतो, आणि दिवा बंद केल्यावर १५-२० मिनिटांत तोंड मिटतं. धमकीचं उघडणं तुम्ही जवळ गेलात की होतं. सोबत फुत्कार असतो, गळा फुगतो, शरीर चपटं होतं, आणि तुम्ही मागे सरलात की संपतं. आजाराचं उघडणं दिव्याशी बांधलेलं नसतं. पहाटे गारव्यातही तोंड उघडं, हनुवटी वर करून जणू छताकडे बघत बसलेला, श्वासागणिक बरगड्या खोल हलताहेत.

म्हणून उद्या सकाळी दिवे लागण्याआधी मंद टॉर्चने पाहा. तेव्हा तोंड घट्ट बंद असेल आणि दुपारी दिवा विझवल्यावरही मिटत असेल तर दोष दिव्याचा. गार असतानाही उघडं असेल तर थांबू नका.

नाकावरच्या पुडीची चिंता नको. शरीरातले जादा क्षार ते नाकपुड्यांवाटे बाहेर टाकतात. ओला, चिकट किंवा बुडबुड्यांचा स्राव मात्र वेगळी गोष्ट आहे.

कौलारू

पाणी कमी पडलंय असं दिसतं. कोमट पाण्याच्या टबात १५ मिनिटं बसवून पाहा, बिअर्डेड ड्रॅगनला (हाही पाळीव सरडाच) याने बराच फरक पडतो.

फांदीवरून

@कौलारू, कॅमेलियनला असं बसवू नका. तो झाडावर राहणारा प्राणी आहे. पायाखाली फांदी नसली की घाबरतो, काळा पडतो आणि आधीच दमलेला असेल तर आणखी खचतो. साचलेलं पाणी तो बहुधा पाणी म्हणून ओळखतच नाही, पानावरून घरंगळणारा थेंबच त्याला दिसतो.

ओलंपान

पाण्याचं सांगते, कारण नारिंगी युरेट ही इथली सगळ्यात स्पष्ट खूण आहे. युरेट पांढरं असावं, टोकाला थोडी पिवळी छटा चालते. पूर्ण नारिंगी, कोरडं, चुरा होणारं असेल तर पाणी कमी पडतंय. डोळ्यांचा शंकूसारखा भाग आत गेलाय का, तेही पाहा. निरोगी प्राण्यात तो भरीव असतो, त्यावर खळगा नसतो.

अर्ध्या मिनिटाच्या फवाऱ्यात बहुतेक कॅमेलियन पीतच नाहीत. पहिलं मिनिटभर ते डोळे मिटून अंग आक्रसून घेतात, मग कुठे जीभ बाहेर येते. पहाटे दिवे लागण्याआधी दोन ते तीन मिनिटं, रात्री दिवे विझल्यावर तेवढंच, आणि पाणी खोलीच्या तापमानाचं. शिवाय दिवसा एक ठिबक लावा: प्लास्टिकच्या पेल्याच्या बुडाला सुईने छिद्र पाडा, दोन-तीन सेकंदांना एक थेंब पडेल असं, आणि पेला जाळीवर अशा जागी ठेवा की थेंब रुंद पानावर पडेल. खाली भांडं ठेवा, नाहीतर तळ ओला राहून बुरशी येते.

फॉगर दिवसा मात्र बंदच करा. गरम हवा, ७० टक्के आर्द्रता आणि तासन्‌तास ओली राहणारी पानं, या मिश्रणात जिवाणू आणि बुरशी फोफावतात. छातीचे संसर्ग पुष्कळदा इथूनच सुरू होतात. दिवसा आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांवर उतरू द्या, पिंजरा दुपारपर्यंत खडखडीत वाळला पाहिजे. धुकं रात्रीचं, तेही खोली २० अंशांपर्यंत थंड होत असेल तरच. उकाड्याच्या रात्री फॉगर लावू नका.

तोंडात पाणी पिचकारीने ओतायचा मोह टाळा. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशी, तोंडाच्या अगदी पुढच्या भागात असतं. जबरदस्तीने ओतलेलं पाणी सहज फुफ्फुसात जातं. ओठांच्या कडेला एक थेंब धरा, त्याने स्वतः गिळला तर पुढचा.

पानाआड

तारेचा थर्मामीटर लावला. तुऱ्याच्या उंचीवर ३८.४! मागच्या काट्याने तेव्हाही २७ च दाखवले. दिवा लगेच बंद केला, १२ मिनिटांत तोंड मिटलं. आज पहाटे पाहिलं, तोंड बंद होतं, आवाज नाही. पण तुऱ्याच्या टोकावर चण्याएवढा फिकट पिवळसर डाग दिसतोय, आधी नव्हता. आज सकाळीही एकदा डोळे मिटले होते.

फांदीवरून

तो डाग भाजल्याचा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. कॅमेलियनला दिव्याचा चटका वेळेत कळत नाही. जाळीच्या पिंजऱ्यातली हवा गार असते, बाकी शरीर अजून ऊब शोधत असतं, म्हणून तो हलत नाही, आणि तेवढ्यात तुऱ्याची किंवा पाठीच्या कण्यावरची कातडी भाजते. पहिल्या दिवशी पांढरट किंवा पिवळट दिसतं, काही दिवसांत काळं पडून खपली धरते. खपली काढू नका, तेल, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. बहुतेक पशुवैद्य सिल्व्हर सल्फाडायझिन मलम देतात, पण आधी दाखवून. कडा ओल्या झाल्या, सूज आली किंवा वास आला तर त्याच दिवशी न्या.

दिव्याचं आता असं करा. ७५ ऐवजी ४० किंवा ५० वॅट, आणि दिवा जाळीला टेकवू नका, ८-१० सेंमी वर टांगा. फांदी इतकी खाली बांधा की तुऱ्यापासून जाळीपर्यंत किमान १५ सेंमी मोकळी राहील. जाळीला उलटं लटकायची सवय असते, म्हणून दिव्याखालच्या जाळीवर हात धरून पाहा: अर्ध्या मिनिटात तुमचा हात भाजत असेल तर त्याचे पायही भाजतील. डिमर किंवा थर्मोस्टॅट असेल तर उत्तम, पण तारेचं टोक पुन्हा तुऱ्याच्या उंचीवरच हवं. बास्किंग सकाळी दोन-तीन तास पुरतं, दुपारी खोली २७ च्या वर जात असेल तर दिवा बंद ठेवा.

फांदी खाली घेतली की यूव्हीबीचं अंतरही बदलतं, हे बरेच जण विसरतात. ६ टक्क्यांच्या टी-५ ट्यूबला जाळीतून पाठीपर्यंत साधारण २० ते २३ सेंमी अंतर ठेवा. ट्यूब वर्षाने बदला, दिसायला लख्ख असली तरी यूव्हीबी उतरलेलं असतं.

पुन्हा कधी तो फांदी सोडून खाली कोसळला, पकड सुटली, अंग थरथरतंय किंवा स्पर्शाला प्रतिसाद नाही असं दिसलं तर तो उष्माघात आहे. दिवे बंद, २२-२४ अंशांच्या खोलीत, पानांवर आणि अंगावर खोलीच्या तापमानाच्या पाण्याचा बारीक फवारा. बर्फ, फ्रिजचं पाणी किंवा ओल्या अंगावर थेट पंखा नको. आणि सावरल्यासारखा वाटला तरी डॉक्टरांकडे न्या, मूत्रपिंडाला झालेली इजा नंतर दिसते.

ओलंपान

डोळ्यांबद्दल. झोपायच्या आधी किंवा फवाऱ्यात कॅमेलियन एक डोळा फुगवून बाहेर काढतो, गोल गोल फिरवतो, फांदीवर घासतो. ती स्वच्छता आहे, मिनिटभरात संपते. पण दिवे चालू असताना दोन्ही डोळे मिटणं हे कधीच नेहमीचं नसतं. निरोगी कॅमेलियन दिवसा झोपत नाही. उष्णता आणि तहान दूर केल्यावर दोन-तीन दिवसांत हे थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर दिव्यावर खापर फोडत बसू नका.

थांबलं नाही तर काय, तर अ जीवनसत्त्वाची कमतरता (पापण्या सुजतात, कात नीट निघत नाही), परजीवी, किंवा संसर्ग. छातीचा संसर्ग आता नसला तरी दिवसाच्या फॉगरमुळे शक्यता शिल्लक आहे, म्हणून दोन आठवडे कान द्या. रात्री खोली शांत असताना टिक-टिक, शिट्टीसारखा किंवा बुडबुडे फुटल्यासारखा आवाज, तोंडात धाग्यासारखा चिकट स्राव. या प्राण्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. त्यामुळे आवाज यायला लागतो तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. मोबाइलवर श्वासाचं अर्ध्या मिनिटाचं चित्रण करून ठेवा, दवाखान्यात गेल्यावर घाबरून प्राणी लक्षणं दाबून ठेवतो. सरपटणारे प्राणी पाहणारे डॉक्टर बहुधा एक्स-रे आणि स्रावाची कल्चर तपासणी (त्यातले जिवाणू वाढवून ओळखणं) करतात, मग अँटिबायोटिक ठरवतात. स्वतःहून औषध देऊ नका: काही अँटिबायोटिकं पाणी कमी असलेल्या शरीरात मूत्रपिंड खराब करतात, म्हणून आधी पाणी भरून काढावं लागतं.

खाणं कमी होण्याचा अर्थ वजनाशिवाय लावू नका. या वयात वाढ मंदावते आणि भूक तशीच थोडी उतरते. एक ग्रॅम अचूकतेचा काटा घ्या, दर आठवड्याला त्याच वेळी, विष्ठा झाल्यावर. ९२ चे ८३ झाले तर दहा टक्के गेले, तेवढं दवाखान्यासाठी पुरेसं कारण आहे. जीभ नेमकी लागते का तेही पाहा, नेम चुकणं किंवा जीभ अर्धीच बाहेर येणं ही कॅल्शियमच्या किंवा पाण्याच्या कमतरतेची पहिली खूण असू शकते.

विष्ठेचा नमुनाही सोबत न्या. ताजी विष्ठा लहान झाकणाच्या डबीत घ्या, वाळू नये म्हणून टिश्यूचा ओला तुकडा शेजारी ठेवा (विष्ठेवर नको), फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू नका, आणि २४ तासांच्या आत पोहोचवा. घेऊन जाताना त्याला हातावर किंवा खांद्यावर नको, आत आडवी फांदी बांधलेल्या खोक्यात, वर कापड टाकून अंधार करा, गाडीत त्याच्यावर ऊन येऊ देऊ नका.