घरात रक्तदाबाचा वारसा असेल, तर मुलांची तपासणी शाळेत सक्तीची असावी का?

मूळ मत : पालक (आई), सिडको, नाशिक

ज्या घरात वडिलांना किंवा आजोबांना ऐन उमेदीत उच्च रक्तदाब जडला आहे, त्या घरातील मुलांचा रक्तदाब दरवर्षी शाळेतच मोजला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. माझ्या सासऱ्यांना ४६ व्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि यजमान ३४ व्या वर्षापासून गोळ्या घेत आहेत. तरीही आमच्या ११ वर्षांच्या मुलाच्या दंडाला कुणी कधी पट्टा बांधला नव्हता. जूनमध्ये डोके दुखते म्हणून त्याला दवाखान्यात नेले, तेव्हा तिथे मोठ्या माणसांचाच पट्टा होता. तो त्याच्या किडकिडीत दंडावर कोपरापासून पार काखेपर्यंत गेला आणि आकडा आला ११६/७४. आम्ही निश्चिंत झालो. दोन महिन्यांनी दुसरीकडे योग्य मापाच्या पट्ट्याने मोजला, तर १३४/८६. पुढच्या दोन भेटींतही जवळपास तोच. टूडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या डाव्या जवनिकेची, म्हणजे शरीराला रक्त ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याची, भिंत जाड झालेली दिसली. ही जाडी काही आठवड्याभरात येत नाही, आणि तोवर आम्हाला कुणी सावध केले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

प्रतिसाद : सेवानिवृत्त मुख्याध्यापक, पंचवटी

ताई, आपली काळजी मी समजू शकतो, परंतु शाळेतील सक्ती मला मान्य नाही. मधल्या सुट्टीत धावून आलेली, डॉक्टरांना पाहून बावरलेली साठ मुले रांगेत उभी करून घेतलेल्या आकड्यांना काय अर्थ राहणार? शिवाय एकदा ‘बीपीचा मुलगा’ असा शिक्का बसला की त्याला कबड्डीत घेत नाहीत. असे होताना मी स्वतः पाहिले आहे. दुसरे असे की घराण्याकडून केवळ जनुकेच येतात असे नाही, तर मिठाचा हातही येतो. रोजच्या ताटातले पापड, लोणचे आणि फरसाण तीन पिढ्या एकत्रच खातात. आधी ते आवरावे आणि मुलांना मैदानावर सोडावे.

प्रतिसाद : पालक, गंगापूर रोड

त्यापेक्षा सरळ जनुकीय चाचणी एकदाच करून घ्यावी, म्हणजे दरवर्षीचा घोर राहणार नाही.

प्रतिसाद : बालरोगतज्ज्ञ, नाशिक रोड

जनुकीय चाचणी सरसकट करण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. बहुतेकांच्या रक्तदाबामागे शेकडो जनुकीय फरक असतात आणि त्यांतील प्रत्येकाचा वाटा अगदी अल्प असतो. त्यामुळे चाचणी ‘निर्दोष’ आली तरी पट्टा बांधणे चुकत नाही. मात्र काही दुर्मिळ विकार एकाच जनुकातील दोषामुळे होतात. लिडल सिंड्रोममध्ये मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते, पोटॅशियम बहुधा घटते, आणि आई-वडिलांपैकी एकाला तो असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. त्यावर अमिलोराइड हे औषध लागू पडते, नेहमीच्या अनेक गोळ्या पुरेशा पडत नाहीत. शरीरात मीठ धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचा असाच एक आनुवंशिक विकार आहे, ज्यात तरुण वयात मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो आणि अल्प मात्रेतील स्टेरॉइडने रक्तदाब आटोक्यात येतो. म्हणून ताई, आपल्या घरातील तीन पिढ्यांचा इतिहास पाहता मुलाचे पोटॅशियम, रेनिन (रक्तदाबाच्या नियमनात भाग घेणारे मूत्रपिंडातील द्रव्य) आणि अल्डोस्टेरॉन तपासलेले आहे का, हे आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. सासऱ्यांचा झटका गुठळीचा होता की रक्तस्रावाचा, हेही जुन्या कागदांत पाहावे. वारसा आहे म्हणून मूत्रपिंडाची तपासणी टाळू नये, आणि मांडीच्या सांध्यातील नाडी क्षीण लागते का तेही पाहावे, कारण महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) जन्मतः अरुंद असेल तर हाताचा रक्तदाब चढा आणि पायाचा कमी येतो.

सरांचा आक्षेप एका आकड्यापुरता रास्त आहे. निदानासाठी तीन वेगवेगळ्या भेटींतील मोजमाप लागते आणि शंका असेल तर चोवीस तासांचे यंत्र लावता येते. पट्ट्यातील फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के हवी; पट्टा मोठा असला की आकडा खोटा कमी येतो, जे आपल्या मुलाबाबत घडले. परंतु ‘आधी मीठ आवरावे’ म्हणून मोजणे लांबवणे मला धोक्याचे वाटते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०१७ च्या सूचनांनुसार तीन वर्षांपुढील प्रत्येक मुलाचा रक्तदाब दरवर्षी मोजावा, मग घरात वारसा असो वा नसो. वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना डाव्या जवनिकेचा स्नायू जाड होतो, मूल मात्र हसत-खेळत असते. साध्या ईसीजीत ही जाडी अनेकदा निसटते, म्हणूनच इको लागतो. दिलासा असा की रक्तदाब नियंत्रणात राहिला तर ही जाडी पुष्कळदा ओसरते.

प्रतिसाद : मुख्याध्यापक, पंचवटी

डॉक्टरसाहेब, तीन भेटी आणि योग्य पट्टा हे दवाखान्यातच शक्य आहे. म्हणून शाळेतील रांगेला माझा विरोध कायम आहे. घरच्यांनी मुलाला नेऊन मोजून घ्यावे, याला मात्र नाही.

प्रतिसाद : मूळ मत मांडणारी पालक

सर, जे पालक कामाचा खाडा करून दवाखान्यात जाऊ शकत नाहीत, त्यांच्या मुलांचे काय? माझा आग्रह शाळेचाच राहील. फक्त पट्टे तीन मापांचे असावेत आणि आकडा वर्गासमोर वाचला जाऊ नये, एवढी भर त्यात घालते. डॉक्टर, पोटॅशियमचा अहवाल फाईलमध्ये सापडला नाही, उद्याच विचारते. नणंदेची दोन मुले ओझरला आहेत. आजोबा त्यांचेही तेच. त्यांना रविवारी बोलावून घेतले आहे.