शिनाण्यांना इतकं गोल भोक कोण पाडतं?

तळकोकणी: सध्या इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला लेकीकडे आलोय. ओहोटीला खडकांवर फिरतो तर मसल्सच्या, म्हणजे आपल्या शिनाण्यांच्या, रिकाम्या शिंपल्यांना ड्रिल मारल्यासारखं बारीक गोल भोक दिसतं आणि जवळच जाड कवचाच्या पांढरट-पिवळट गोगलगाया खडकाला चिकटलेल्या, काहींवर तपकिरी पट्टे. त्यांचंच काम का हे?

सागरवेडा: हो, ही डॉगव्हेल्क. बार्नकल (खडकाला चिकटलेले बारीक कवचवाले जीव) आणि मसल्स खाते. पायातल्या ग्रंथीच्या रसाने शिंपला मऊ करायचा, दातेरी जिभेने खरवडायचा, परत रस, परत खरवड, असं एका मसलला एखाददोन दिवस सहज लागतात, मग सोंड आत घालून पाचक रस सोडते आणि आतलं मांस पातळ झालं की पिऊन टाकते. मसल्स पण कमी नाहीत हं, चिकट धाग्यांनी हिला खडकाला बांधून ठेवतात, मग बसते उपाशी मरत!

भरती_ओहोटी: लाटांचा मार असलेल्या खडकावरच्या आणि आतल्या शांत खाडीतल्या शेजारी ठेवून बघा काका. लाटांतली बुटकी, तोंड मोठं, कारण घट्ट धरायला मोठा पाय लागतो. खाडीत खेकडे फोडतात म्हणून तिथे कवच जाड, लांबट, तोंड अरुंद.

सागरवेडा: आणि कपारीत तांदळाच्या दाण्याएवढ्या पिवळट कुप्या दिसल्या तर ती हिची अंडी. एकेका कुपीत शेकडो, पण बहुतेक अंडी आतल्याच पिल्लांचं खाणं. पिल्लं पोहत नाहीत, थेट रांगतच बाहेर येतात, त्यामुळे जिथून संपली तिथे परत यायला फार वर्षं लागतात. बोटींच्या रंगात टीबीटी नावाचं रसायन असायचं, त्याने माद्यांना नराचं लिंग फुटायचं, अंडी बाहेर पडायचा रस्ताच बंद, कितीतरी किनारे रिकामे झाले. ब्रिटनने १९८७ मध्ये लहान बोटींवर ते वापरायला बंदी घातली, जगभर पूर्ण बंदी २००८ मध्ये.

गुहागरकर: आमच्याकडे वाळूत तिसऱ्यांच्या शिंपल्यांना पण असंच भोक असतं, तीच का?

भरती_ओहोटी: नाही, डॉगव्हेल्क उत्तर अटलांटिकची, तीही खडकावरची. तुमच्याकडे बहुतेक मून स्नेल नावाची गोगलगाय, वाळूखाली फिरते. भोक बाहेरून रुंद, आत निमुळतं असेल तर तीच समजा.

तळकोकणी: भारी माहिती! दोन-चार शंख नातवाला उचलू का?

सागरवेडा: रिकामे असतील तर उचला, पण आत हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारा खेकडा) नाही ना ते आधी बघा.