काबो देल्गादोला मदत पाठवताना आपण नेमके कोणाचे हात बळकट करतो?

अंत्रुजकर (फोंडा)

आमच्या गावचे वाचनालय व सांस्कृतिक मंडळ चतुर्थीनंतर वर्गणीतून उरलेली रक्कम दरवर्षी एखाद्या समाजोपयोगी कामासाठी बाजूला काढते. यंदा एका ज्येष्ठ सभासदांनी, ज्यांचे आजोबा मोझांबिकमधील नांपुला येथे नोकरीला होते, ही रक्कम मोझांबिकच्या उत्तर टोकाकडील काबो देल्गादो प्रांतातील विस्थापितांसाठी द्यावी असा प्रस्ताव मांडला. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालत असे आणि आपल्याकडच्या अनेक घरांत आजही ‘आफ्रिकेतली’ शाखा असते, त्यामुळे देश परका वाटला नाही व प्रस्तावाला विरोधही झाला नाही. चर्चा अडली ती दुसऱ्याच मुद्द्यावर.

ऑक्टोबर २०१७ मध्ये मोसिंबोआ दा प्राया येथील पोलीस ठाण्यांवर हल्ले झाले आणि तेव्हापासून तिथे सशस्त्र संघर्ष सुरू आहे. स्थानिक लोक हल्लेखोरांना ‘अल शबाब’ म्हणतात. पुढे या गटाने इस्लामिक स्टेटशी नाते जोडले. २०१७ च्या जनगणनेनुसार प्रांताची लोकसंख्या सुमारे २३ लाख होती आणि २०२२ अखेर विस्थापितांची संख्या १० लाखांच्या घरात पोहोचली होती. म्हणजे आपल्या गोव्याच्या दोन तृतीयांश माणसांनी घरदार सोडावे, असा हा प्रकार आहे. मात्र मार्च २०२१ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने प्रसिद्ध केलेल्या अहवालात केवळ बंडखोरांवर ठपका ठेवलेला नाही. सरकारी सुरक्षा दले आणि सरकारने भाड्याने घेतलेली दक्षिण आफ्रिकेतील खाजगी लष्करी कंपनी यांनीही सामान्य नागरिकांना ठार मारले, असे त्यात नमूद आहे.

आता अडचण अशी की मदत संस्थांना प्रवेशाची परवानगी तेच सरकार देते, काही रस्त्यांवर संरक्षणही त्याच दलांचे असते आणि मदत कोणाला द्यायची याच्या गावपातळीवरच्या याद्या त्याच प्रशासनाची माणसे करतात. मग आपण दिलेल्या पैशाने भुकेल्याचे पोट भरते, की अत्याचाराचा आरोप असलेल्या यंत्रणेची प्रतिष्ठा वाढते? आणि मदत द्यायचीच तर कोणत्या स्वरूपात द्यावी? काही सभासदांचा आग्रह आहे की घरोघरी चांगल्या स्थितीतले कपडे पडून आहेत, तेच गोळा करून पाठवावेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मांडवीकाठ (पणजी)

एका आंतरराष्ट्रीय मदत संस्थेच्या पुरवठा विभागात मी नोकरी केली आहे आणि काबो देल्गादोची राजधानी पेंबा येथील तिच्या गोदामाशी माझा प्रत्यक्ष संबंध आला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कपड्यांचा विचार सोडून द्यावा. मुरगाव किंवा न्हावा शेवा बंदरातून नकाला किंवा पेंबापर्यंतचे भाडे, तिथले सीमाशुल्क, गोदामाची जागा आणि गठ्ठे फोडून कपडे निवडणाऱ्यांची मजुरी एवढा खर्च केल्यावर त्या कपड्यांच्या किमतीहून जास्त पैसे गेलेले असतात. शिवाय तिथल्या बायका कापुलाना नावाचे छापील कापड कमरेला गुंडाळतात, त्यातच मूल पाठीशी बांधतात, आणि ते पेंबाच्या बाजारात मुबलक मिळते. विकणारा व्यापारीही त्याच प्रांतातला असतो, त्याचेही पोट त्यावर चालते. पैसे द्या; काय घ्यायचे ते तिथल्या लोकांना कळते.

तुमच्या खऱ्या प्रश्नाचे उत्तर मला यादीत दिसते. वाटपाच्या दिवशी मेतुजेसारख्या ठिकाणी काय घडते ते सांगतो. मोठ्या काजूच्या झाडाखाली बायका पहाटेपासून बसलेल्या असतात. ट्रक येतो, पोती उतरतात आणि वस्तीचा सचिव नावे वाचू लागतो. तो वाचतो पोर्तुगीज वळणाने. समोर बसलेल्या बाईला मात्र किम्वानी किंवा माकुआ ही स्थानिक भाषाच येते आणि नोंदणीच्या वेळी कोणा कारकुनाने तिचे नाव भलतेच लिहून ठेवलेले असते. हाक आपल्यालाच आहे हे तिला कळेपर्यंत पुढचे नाव उच्चारले जाते. आणि ज्यांचे नाव यादीत नाहीच, त्या तशाच बसून राहतात, पोती संपेपर्यंत. यादीत नाव घालण्यासाठी पैसे मागितले जातात आणि बायकांकडे त्याहून वाईट मागण्याही होतात, अशा तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवलेल्या आहेत. मानवी हक्कांची पायमल्ली म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक येते. पण या प्रांतात ती पुष्कळदा वहीच्या पानावरही होत असते.

दुसरी गोष्ट. बहुसंख्य विस्थापित छावण्यांत राहतच नाहीत, ते नातेवाइकांच्या किंवा दयाळू अनोळखी माणसांच्या घरी राहतात. आधीच गरीब असलेल्या यजमानाच्या घरात आणखी दोन-तीन कुटुंबे शिरतात आणि मदत मात्र फक्त ‘बाहेरून आलेल्यांना’ मिळते, तेव्हा काही महिन्यांतच शेजाऱ्यांमध्ये वितुष्ट येते. म्हणून गरज पाहून वाटप करणारी आणि यजमान कुटुंबांनाही धरून चालणारी संस्था निवडावी. तिच्याकडे तक्रार कशी करायची, ती कोणत्या भाषेत ऐकली जाते आणि ऐकणारा माणूस यादी करणाऱ्याहून वेगळा आहे का, हे बेलाशक विचारावे. ज्या संस्थेला हा प्रश्न अपमानास्पद वाटतो, तिला माझ्या मते पैसे देऊ नयेत.

सत्तरीची वकील (वाळपई)

अंत्रुजकर सर, आपल्या प्रश्नाची कायदेशीर बाजू मांडते.

मोझांबिकमधील संघर्ष हा एकाच देशाच्या हद्दीतला सशस्त्र संघर्ष असल्याने त्याला जिनिव्हा करारांचे सामाईक कलम ३ लागू होते. ते सरकारइतकेच सशस्त्र गटालाही बांधील धरते: जे लढत नाहीत त्यांना मारता येत नाही, ओलीस ठेवता येत नाही, त्यांची विटंबना करता येत नाही. मदतकार्याची मानवता, निःपक्षपात व तटस्थता ही तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९१ च्या ठराव क्रमांक ४६/१८२ मध्ये नोंदवली आणि स्वातंत्र्य हे चौथे तत्त्व पुढे जोडले गेले. त्याच ठरावात असेही म्हटले आहे की आपल्या भूमीवरील आपद्ग्रस्तांची काळजी घेण्याची पहिली जबाबदारी त्या त्या राज्याची आहे. तेव्हा संस्था सरकारची परवानगी घेते याचा अर्थ ती सरकारच्या कृत्यांना संमती देते, असा होत नाही. परवानगीवाचून ती पाऊलही टाकू शकत नाही, एवढाच होतो. आफ्रिकी संघाचा २००९ चा कंपाला करार २०१२ पासून अमलात आहे. तो देशांतर्गत विस्थापितांसाठीच केलेला असून, लोकांना मदतीपर्यंत पोहोचू देणे आणि त्यांची हरवलेली कागदपत्रे पुन्हा मिळवून देणे हे त्यात राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. मोझांबिक या कराराचा पक्ष आहे.

कागदपत्रांचा उल्लेख मुद्दाम केला. गाव जळते तेव्हा ओळखपत्र आणि जन्मदाखला घराबरोबर जळतो, आणि पुष्कळांकडे तो मुळातच नसतो. कागद नसलेल्या तरुणाला तपासणी नाक्यावर सैनिक बंडखोर समजतो, मुलाला शाळेत घेताना अडचण येते, जमिनीवरचा हक्क सांगता येत नाही, आणि मांडवीकाठ यांनी सांगितलेल्या यादीतही नाव चढत नाही. पणजोबांच्या जन्मनोंदीच्या एका पानासाठी कचेऱ्यांत खेटे घालणाऱ्या गोवेकरांना कागदाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था तिथल्या कॅथलिक विद्यापीठाच्या कायदा मदत केंद्राबरोबर नेमके हेच काम करते. माझे मत विचाराल, तर अन्नधान्याइतकेच हे काम निकडीचे आहे आणि देणगीदारांना ते सहसा सुचत नाही, कारण त्याचे छायाचित्र काढता येत नाही.

अत्याचार पाहून संस्था बोलतात की गप्प राहतात, या मुद्द्यावर सर्वांना एकाच मापाने मोजू नये. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती जे पाहते ते संबंधित पक्षालाच खाजगीत सांगते, म्हणून तिला तुरुंगात आणि आघाडीवर प्रवेश मिळतो. डॉक्टरांची सीमारहित संघटना, म्हणजे एमएसएफ, वेळ पडल्यास जाहीर बोलते. आणि ॲम्नेस्टी किंवा ह्यूमन राइट्स वॉच पोती वाटत नसल्याने त्यांना बोलण्याखेरीज दुसरे काम नाही. सगळे एकाच वेळी बोलले तर रुग्णालय बंद पडते आणि सगळे गप्प बसले तर इब्राइमो म्बारुको यांच्यासारख्यांचे नावही कोणी घेत नाही. पाल्मा येथील हे रेडिओ पत्रकार ७ एप्रिल २०२० रोजी, सैनिकांनी आपल्याला घेरले आहे असा संदेश सहकाऱ्याला पाठवल्यानंतर बेपत्ता झाले. एखाद्या संस्थेला धान्यासाठी आणि दुसरीला सत्यशोधनासाठी, अशी रकमेची विभागणी करण्यास हरकत नसावी.

पेडणेकर (मांद्रे)

सर्व मुद्दे वाचले. वायूबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलेले नाही, याचे आश्चर्य वाटते.

काबो देल्गादोच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे सापडले आणि पाल्माजवळ अफुंजी येथे सुमारे २० अब्ज डॉलरचा प्रकल्प उभा राहू लागला. त्यासाठी मच्छीमारांची वस्ती हलवून कितुंदा येथे नवी पक्की घरे बांधून दिली गेली, पण समुद्र लांब पडला. होडी आणि किनारा यांच्यामधले अंतर वाढले की पक्के घरही उपाशीच असते, हे मोरजी-मांद्र्याच्या माणसाला पटेल. २४ मार्च २०२१ रोजी पाल्मावर हल्ला झाला. अमारुला हॉटेलात अडकलेल्यांची हेलिकॉप्टरने सुटका करताना गोऱ्या कंत्राटदारांना आधी नेण्यात आले, असे वाचलेल्यांनी ॲम्नेस्टीला सांगितले. ही सुटका करणाऱ्या खाजगी लष्करी कंपनीने ते नाकारले. पुढच्याच महिन्यात प्रकल्प चालवणाऱ्या टोटल या फ्रेंच कंपनीने काम थांबवले. प्रकल्पाच्या प्रवेशद्वाराजवळ सैनिकांनी २०२१ मध्ये गावकऱ्यांना मालवाहू कंटेनरांत कोंडून छळले व अनेकांना ठार केले, असा आरोप पोलिटिको या वृत्तसंस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये केला. अशा घटनांची आपल्याला माहिती नव्हती, अशी कंपनीची भूमिका राहिली. टोटलनेच नेमलेले फ्रान्सचे माजी राजदूत जाँ-क्रिस्तोफ रुफाँ यांनी २०२३ च्या अहवालात प्रकल्पाचे रक्षण करणाऱ्या लष्करी पथकाशी असलेला आर्थिक संबंध तोडण्याची शिफारस केली होती, हेही लक्षात घ्यावे.

आता आपला संबंध. या प्रकल्पात ओएनजीसी विदेश १६ टक्के, भारत पेट्रोलियमची उपकंपनी १० टक्के आणि ऑइल इंडिया ४ टक्के, अशी भारतीय सार्वजनिक कंपन्यांची एकूण भागीदारी ३० टक्के आहे. म्हणजे मंडळाने ठराव केला नसता तरी आपण सगळे तिथे आधीच गुंतलेले आहोत. वर्गणीतली शिल्लक पाठवून मन हलके करण्यापेक्षा आपल्या खासदारांना पत्र लिहावे आणि सुरक्षा दलांच्या वर्तनाबद्दल या कंपन्या कोणत्या अटी घालतात, हे संसदेत विचारायला लावावे. मदत दिली की प्रश्न विचारण्याची भूक मरते, असा माझा अनुभव आहे.

मांडवीकाठ (पणजी)

पेडणेकर साहेब, पत्र जरूर लिहावे, मीही सही करीन. पण ‘त्यापेक्षा’ हा शब्द मला मान्य नाही. संसदेतला प्रश्न लागायला अधिवेशन यावे लागते आणि शिधा दर महिन्याला संपतो. निधी कमी पडल्यामुळे जागतिक अन्न कार्यक्रमाला तिथला शिधा यापूर्वी निम्म्यावर आणावा लागला आहे. त्यातच डिसेंबर २०२४ मध्ये चिडो चक्रीवादळाने मेकुफी भागातली घरे भुईसपाट केली आणि २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली. एप्रिल २०१९ च्या केनेथ वादळात छप्पर गमावलेला माणूसच पुढे बंडखोरांमुळे पळाला आणि पुन्हा चिडोत सापडला, अशी कुटुंबे या प्रांतात आहेत. त्यांच्यापुढे वायूचा हिशेब मांडून थांबायला सांगणे मला जमणार नाही.

तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र शंभर टक्के खरी आहे. २०२१ च्या जुलैत रवांडाचे सैन्य आले, त्याच्या मागोमाग आफ्रिकेच्या दक्षिण भागातील देशांच्या समूहाचे (एसएडीसी) आले आणि अनेक गावे परत मिळाली. युरोपीय संघाने रवांडाच्या तुकड्यांसाठी २०२२ मध्ये २ कोटी युरो मंजूर केले. सैन्यासाठी पैसा लवकर उभा राहतो. त्याच गावांत परतणाऱ्यांसाठी दवाखाना, बियाणे आणि दाखले यांच्यासाठी तेवढ्या घाईने तो उभा राहत नाही.

अंत्रुजकर (फोंडा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कपड्यांचा प्रस्ताव आम्ही मागे घेत आहोत. अन्न व कागदपत्रे अशी दोन भागांत रक्कम देण्यावर कार्यकारिणीचे बहुमत दिसते, आणि खासदारांना लिहायच्या पत्राचा मसुदा पेडणेकर यांनीच करून द्यावा, अशी त्यांना विनंती आहे. एकच शंका उरते. मंडळ सोसायटी कायद्याखाली नोंदलेले आहे. मंडळाच्या खात्यातून थेट परदेशी संस्थेला रक्कम पाठवता येईल का?

हिशेबनीस (म्हापसा)

थेट पाठवू नका. परदेशी देणग्यांचा कायदा येणाऱ्या पैशाला लागू होतो, त्याचा इथे संबंध नाही. जाणाऱ्या पैशाला परकीय चलन व्यवस्थापन कायदा लागतो, आणि संस्थेच्या खात्यातून देणगी बाहेर पाठवायची म्हटल्यास बँक शंभर प्रश्न विचारील. त्याशिवाय धर्मादाय संस्थेने भारताबाहेर खर्च केलेली रक्कम, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा तसा आदेश असल्याशिवाय, करमाफीसाठी धरली जात नाही. पुढच्या वर्षीच्या लेखापरीक्षणात तुमच्या खजिनदारांना त्याचा त्रास होईल.

व्यक्तीला मात्र उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि त्यात देणगीही बसते. पॅन क्रमांक आणि बँकेचा ए-२ अर्ज लागतो. तेव्हा मंडळाची शिल्लक गावातल्याच कामाला द्यावी आणि मोझांबिकसाठी इच्छुक सभासदांनी आपापल्या खात्यातून वैयक्तिक देणगी द्यावी. ठराव लिहिताना ‘मंडळातर्फे’ असा शब्द येऊ देऊ नका. ‘सभासदांना आवाहन करण्यात आले’ एवढेच लिहा आणि पावत्या ज्याच्या त्याच्या नावावर घ्या.