पगार 16 हजार, घरचे वैतागलेले: गावात राहू की पुणे गाठू?

दारव्हेकर: अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी केली. दोन वर्षांपासून आमच्याकडच्या शेतकरी उत्पादक कंपनीत कापूस खरेदी बघतो. पुण्याच्या एका बियाणे कंपनीतून 42 हजारांचा फोन आलाय. आई म्हणते, जा. कामाचा अभिमान आहे, पण रोज आनंद होतो म्हटलं तर खोटं ठरेल. गेल्या महिन्यात सख्ख्या काकांची गाडी परत पाठवली. ओलावा 14 टक्के निघाला, 12 च्या वर घेत नाही. काका अजून बोलत नाहीत.

वर्धेकर: थांबा. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केलं तेव्हा हातात 14 रुपये आणि एक लंगडी गाय होती. पगार बघितला असता तर?

तिवस्याची_सून: गायीचं सगळेच सांगतात, शेण कोण काढायचं ते कोणी सांगत नाही. माझे मिस्टर 9 वर्षं एका संस्थेत होते. समाधान त्यांचं, किराण्याची उधारी माझी. मेळघाटातल्या डॉ. रवींद्र कोल्ह्यांनी निदान लग्नाआधी अटी सांगितल्या: महिना 400 रुपयांत संसार, 40 किलोमीटर चालायची तयारी.

वर्धेकर: आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिताताई नागपूरची चालती प्रॅक्टिस सोडून बैरागडला गेल्या. कोणी ओढून नेलं नाही.

तिवस्याची_सून: तेच म्हणतेय. त्यांना विचारलं होतं. मला लग्नानंतर कळलं.

कोरडवाहू: लेका, तू तिथं नसता तर तोच ओला कापूस व्यापाऱ्यानं घेतला असता अन् भाव मनाला येईल तसा पाडला असता. काका येईल ठिकाणावर. पण पुण्याले जाणं म्हणजे पाप काहून? चांगलं बियाणं बांधावर पोचवणारा माणूस आमाले कमी कामाचा हाये का? बोगस बियाण्यानं दोनदा पेरलं मी यंदा.

वर्धेकर: कंपनीत गेल्यावर टार्गेट असतं भाऊ, बांध नसतो.

कोरडवाहू: अन् संस्थेत रिपोर्ट असते. तिथंही बांध नसते.

दारव्हेकर: ताई, लग्न ठरलेलं नाही, पण तुमचं वाचून आईसमोर गप्प बसलो. पुण्याला संक्रांतीपर्यंत मुदत मागितली आहे. परवा काकांच्या अंगणात कापूस वाळत घातलेला दिसला. न विचारता मीटर लावून आलो, 11 भरला. काकूनं चहा दिला. काका उठून आत गेले.