सैल सांधे आणि महाधमनीचा फुगवटा : घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यावे का?

मृण्मयी_क :
माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा, उंच आणि सडपातळ आहे. डोळ्यातले भिंग जागेवरून सरकल्याचे दिसल्यावर नेत्रतज्ज्ञांनी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगितला, त्यात महाधमनीचे, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचे, मूळ रुंदावून ४३ मिमी भरले आणि आता मार्फान सिंड्रोम या जनुकीय आजाराची शंका आहे. त्याला त्रास काहीच नाही. कॉलेजच्या संघातून तो व्हॉलीबॉल खेळतो. घरात हा आजार कोणालाच नाही, पण माझेही सांधे लहानपणापासून सैल आहेत, अंगठा मनगटाला सहज टेकतो. मलाही धोका आहे का? आणि त्याचा खेळ थांबवावा का?

स्पंदन :
हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला मिळेपर्यंत खेळ आजच थांबवा. १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघातली व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन २४ जानेवारी १९८६ रोजी जपानमधल्या मात्सुए येथे सामना सुरू असताना कोसळली आणि दगावली. महाधमनी फाटली होती, आणि तिला मार्फान असल्याचे शवविच्छेदनानंतरच कळले. त्यामुळे तिच्या भावाला तपासले, त्यालाही तोच आजार निघाला आणि त्याची शस्त्रक्रिया वेळेत झाली.

या आजारात फायब्रिलिन हे प्रथिन सदोष असल्याने महाधमनीच्या भिंतीतले लवचीक तंतू तुटत जातात आणि रक्तदाबाच्या सततच्या ताणाने मूळ रुंदावते. ते दुखत नाही, म्हणूनच ठरावीक काळाने मोजत राहावे लागते. बीटा ब्लॉकर किंवा लोसार्टनसारख्या औषधांनी रुंदावण्याचा वेग कमी होतो. साधारण ५० मिमीला, आणि घराण्यात कोणाची महाधमनी फाटली असेल किंवा वाढ झपाट्याने होत असेल तर त्याआधीच, शस्त्रक्रिया सुचवतात.

नुसत्या सैल सांध्यांवरून तुम्हाला धोका आहे असे म्हणता येत नाही. तसे सांधे असंख्य निरोगी माणसांचे असतात. तरीही आईवडील आणि तुम्ही, तिघांनीही इको करून घ्या. सुमारे चौथाई रुग्णांत हा दोष नव्यानेच उद्भवतो हे खरे, पण इतरांत तो सौम्य रूपात लपलेलाही असू शकतो.

आनंदयात्री_७१ :
मला मार्फान आहे आणि महाधमनीचे मूळ बदलण्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. जनुकीय चाचणी जरूर करून घ्या, कारण लोएस-डिएट्झ सिंड्रोम बराचसा असाच दिसतो, पण त्यात महाधमनी कमी रुंदीलाही फाटू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके महाधमनीला धोका असलेल्यांनी दुसरा पर्याय असताना टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये दिला आहे. औषध लिहून घेताना आजार आवर्जून सांगा. मी शेवटच्या इकोचा अहवाल पाकिटात ठेवतो. छातीत किंवा पाठीत अचानक, फाटल्यासारखी तीव्र कळ आली, तर तो दाखवून सीटी अँजिओग्राफीचा (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनचा) आग्रह धरावा, कारण हृदयविकाराचा झटका समजून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले गेले तर ते जिवावर बेतू शकते.

मृण्मयी_क :
मनापासून आभार. माझे लग्न ठरले आहे, म्हणून हेही विचारते : गरोदरपणाआधी इको पुरेसा आहे का?

स्पंदन :
भावाच्या जनुकात दोष सापडला, तर तुमच्यात नेमका तोच आहे का, हे रक्तचाचणीत कळते. असल्यास गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत महाधमनी फाटण्याचा धोका वाढतो, म्हणून मुलाचा विचार करण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञांशी बोला.